अठ्ठावीस युनिट

खुर्शीद बीबीचा सरकारवर विश्वास नव्हता, दूधवाल्यावर नव्हता आणि तराजूवर तर मुळीच नव्हता. लग्न होऊन फैसलाबादला आली त्या वर्षी रेशनच्या साखरेत वाळू निघाली. तिने ती साखर चाळली, वाळू वेगळी पुडीत बांधली आणि डेपोवाल्याच्या पुढ्यात नेऊन ठेवली. म्हणाली, "ही तुमची. चुकून आमच्याकडे आली." तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यानंतर पन्नास वर्षं यंत्रमागांच्या आमच्या मोहल्ल्यात तिला कोणी कमी माप दिलं नाही, आणि जास्त तर कोण कशाला देतंय?

नवरा नझीर मागावर कामाला होता. कापसाची धूळ छातीत बसून गेला बिचारा, पण जाण्यापूर्वी दोन खोल्या खाली आणि दोन वर एवढं घर उभं करून गेला. दोन मुलगे. थोरला इश्तियाक मागांचा फिटर, धाकटा वकास शाळेत गणित शिकवतो. थोरल्या सुनेचं नाव कौसर, धाकटीचं शाझिया. सगळ्यांचा स्वयंपाक खाली, एका चुलीवर. खुर्शीद बीबीला आयुष्यात मिरवण्यासारखं काय होतं म्हणाल तर हेच. गल्लीतली निम्मी घरं फुटली होती, भावाभावांत भिंती आल्या होत्या. ती म्हणायची, "माझा जनाजा उठेपर्यंत माझ्या घरात एकच परात पिठाची. नंतर काय ते बघा."

आता विजेचं सांगतो. आमच्याकडे महिन्याला दोनशे युनिटांच्या आत जो राहतो त्याला सरकार गरीब समजतं आणि बिल सोडतं तीन हजारांचं. दोनशेच्या वर एक युनिट गेलं की तोच माणूस रातोरात श्रीमंत होतो आणि बिल येतं आठ-साडेआठ हजार. बरं, एक महिना चूक झाली, पुढच्या महिन्यात सुधारलो, असंही नाही. एकदा घसरलात की सलग सहा महिने दोनशेच्या आत राहून दाखवायचं, तेव्हा कुठे सरकार तुम्हाला पुन्हा गरिबांत घेणार. गरीब म्हणवून घ्यायलासुद्धा सहा महिने उमेदवारी करावी लागते, अशी आमची गत आहे.

त्या बिलावर विजेखेरीज काय काय असतं ते खुर्शीद बीबीने एकदा वकासकडून वाचून घेतलं होतं. विक्रीकर, तेल महागलं त्याचा फरक, टीव्हीची फी, कर्जावरचा अधिभार, आणि या सगळ्यावर पुन्हा कर. ती म्हणाली, "टीव्ही तर आपला तीन वर्षं बंद आहे."

"असू दे अम्मा, फी चालू आहे."

"म्हणजे आपण बघत नाही त्याचेही पैसे. मग ते बघतात कोण?"

"सरकारी माणसं बघत असतील."

"तरीच माझं बिल त्यांच्या नजरेत भरतं."

मग गल्लीतल्या सगळ्यांनी केलं तेच यांनीही करायचं ठरवलं. घराला दुसरा मीटर घ्यायचा. खालचं इश्तियाकचं कुटुंब वेगळं, वरचं वकासचं वेगळं, दोघांचे दोनशे-दोनशे. पण दुसरा मीटर फुकट मिळत नाही. दोन भाऊ खरोखर वेगळे झालेत, दोन चुली आहेत, दोन दारं आहेत, हे बघायला वीज कंपनीच्या दफ्तरातला माणूस येतो. म्हणून जिन्याला बाहेरून दार बसवलं, वरच्या खोलीत एक शेगडी, दोन पातेली आणि मिठाची बरणी मांडली. तो माणूस आला, शेगडीकडे बघितलं, मग खुर्शीद बीबीकडे बघितलं आणि विचारलं, "मुलं वेगळी राहतात ना, अम्मा?"

तिने ओढणी सारखी केली. म्हणाली, "हो, पटत नाही त्यांचं."

तो गेल्यावर नमाजच्या चटईवरून उठायला तिला वेळ लागला. संध्याकाळी नेहमीसारखी खालीच सगळ्यांची पंगत बसली तेव्हा तिने प्रत्येकाच्या वाटीत स्वतःच्या हाताने डाळ वाढली आणि म्हणाली, "सरकारशी खोटं बोललं तर गुन्हा नाही. पण हे आपल्या घराच्या कानावर पडायला नको होतं."

वकास हसला. "घराला कान असते तर तोंडही असतं, आणि त्याने भाडं मागितलं असतं, अम्मा."

त्या दिवसापासून मीटर म्हणजे खुर्शीद बीबीचं खातं. दोन्ही मीटर बाहेरच्या भिंतीवर शेजारी शेजारी. सकाळी एकदा, संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी एकदा, स्टुलावर चढून ती आकडे बघायची. पाठ होते तिला. खालच्याचे रोज सहा युनिट, वरच्याचे पाच. कौसरने इस्त्री जरा जास्त फिरवली तर तिला आकड्यावरून कळायचं. "काल कोणाच्या लग्नाला जायचं होतं गं?" असं ती खाटेवरूनच विचारायची आणि कौसर कपाळाला हात लावायची. शाझिया वरती बायकांचे सूट शिवायची, मशीनला मोटर होती. त्या मोटरवर सासूचा डोळा पहिल्या दिवसापासून. मोटर वरच्या मीटरवर चालते हे ठाऊक होतं तरी म्हातारी म्हणायची, "शिवणाची मशीन पायाने चालते. आमच्या काळात चालायची."

शाझिया म्हणायची, "तुमच्या काळात पायही होते, अम्मा. आता चार सूटांत गुडघा बोलतो." तोंडाची तिखट होती पोरगी, पण मनाची वाईट नव्हती. म्हातारीचे पाय तीच चेपून द्यायची.

जूनमध्ये बकरी ईद आली. मीटरचा आकडा टिपायला रीडर दर महिन्याच्या वीस तारखेला यायचा, अकरा वर्षांत चुकला नव्हता. सोळाला सकाळी खुर्शीद बीबीने खालचा मीटर पाहिला: महिन्याचे एकशे छप्पन झालेले. चार दिवसांचे चोवीस धरले, एकशे ऐंशी. ईदचा वरखर्च म्हणून मनात आणखी पाच-सात सोडले. तरी दोनशेच्या आत भरपूर जागा. निश्चिंत मनाने ती झंगला भावाकडे ईदला गेली. जाताना कौसरला बजावलं, "फ्रिज उघडताना आत बघत उभी राहू नकोस. काय हवं ते आठवून मग उघड."

ती परतली पंचवीस तारखेला. महिना संपता संपता बिलं आली. वरचं एकशे सत्त्याण्णव. खालचं दोनशे आठ.

इश्तियाकने बिल दोनदा वाचलं आणि खाटेवर बसला. त्या महिन्यात मागमालकाने दोन पाळ्यांची एक केली होती, पगार अर्ध्यावर आला होता. "आठ हजार सहाशे," तो म्हणाला. "आणि सहा महिने हेच."

खुर्शीद बीबीने बिल हातात घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे तिच्यासारखे कोणी वाचत नव्हतं. तिने दोनशे आठवर बोट ठेवलं. एकशे ऐंशी व्हायला हवे होते. मग हे अठ्ठावीस आले कुठून? वीज काही आभाळातून गळत नाही. ती इथे नव्हती तेव्हा कोणीतरी अठ्ठावीस युनिट खाल्ले. अगदी साधा हिशोब होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वरच्या बिलाने तर तिची खात्रीच करून दिली. एकशे सत्त्याण्णव. अगदी काठावर, पण आत. "इतकं नेमकं आपोआप बसतं होय?" तिने कौसरला विचारलं. "कोणीतरी मोजून बसवलंय. स्वतःचं भरत आलं की दुसऱ्याच्यातून घ्यायचं."

कौसर पीठ मळत होती. म्हणाली, "मला काय माहीत, अम्मा. ईदच्या आधी सूटांची गर्दी होती खरी. मशीन दिवसभर चालू होती."

एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, नातवंडं झोपलेली असताना, खुर्शीद बीबी जिन्याखाली वाकून बसली आणि जाळी-जळमटं बाजूला करत शोधू लागली. आणि सापडली की. खालच्या फ्रिजच्या मागून निघून, जिन्याच्या कठड्याला सुतळीने बांधत बांधत वर गेलेली एक काळी वायर. नवी कोरी. आता दोन्ही टोकं सुटी होती. पन्नास वर्षं तिने वाळू, पाणी, खोटी वजनं पकडली होती, पण चोर आपल्याच जिन्यात सापडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

संध्याकाळी जेवायला सगळे बसले. घोसाळ्याची भाजी होती आणि ईदचं राहिलेलं थोडं मटण. खुर्शीद बीबीने वायरीचं वेटोळं आणून जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध ठेवलं.

"ही कोणाची?"

"आमची," शाझिया सहज म्हणाली. "मी आणली होती. ईदला फ्रिज गच्च भरलेला, गल्लीतल्या दोन घरांचंही मटण आपल्याकडेच होतं. म्हटलं खालच्या मीटरवर भार नको, म्हणून आठवडाभर फ्रिज वरच्या मीटरवर लावला. म्हणून तर आमचं बिल काठावर आलं."

"म्हणजे वीज वरून खाली येत होती?"

"हो."

"वायरीला काय तोंड असतं, शाझिया? वरून खाली आली की खालून वर गेली, हे ती सांगणार आहे?"

शाझियाचा घास हातातच राहिला. "तुम्हाला काय म्हणायचंय, अम्मा?"

"मला काही म्हणायचं नाही. आकडा म्हणतोय. अठ्ठावीस युनिट गेले. मी गेले आणि तेही गेले. मोटरची मशीन या घरात एकीचीच आहे."

"अम्मा," वकास म्हणाला, "गणिताचा मास्तर मी आहे. वरचं बिल वाढलंय. ती चोरत असती तर वरचं कमी झालं असतं."

"तू बायकोचा मास्तर आहेस," म्हातारी म्हणाली. "गणित मला नको शिकवू."

मग शाझियाने कौसरकडे बघितलं. फ्रिजची पिन काढून वायरीला लावली तेव्हा कौसर बाजूलाच उभी होती, तिनेच फ्रिज पुढे ओढायला हात लावला होता. कौसरने भाजीचं पातेलं उगाच हलवलं. इश्तियाकचे आठ हजार सहाशे जाणार होते, आणि दोष कोणाचा तरी असला तर बरं, निदान रागवायला माणूस मिळतो, असंच काहीतरी तिच्या मनात असावं. ती बोलली नाही. पुढे कधीतरी म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही." आणि ते खरंही होतं.

"अठरा सूट शिवले ईदला," शाझिया हळू आवाजात म्हणाली. "त्यातला एक तुमचा होता, अम्मा. तो घालून तुम्ही झंगला गेलात." तिने हात धुतले आणि वर गेली. वकासने ताटली बाजूला सारली. मग भावाला म्हणाला, "भाईजान, उद्यापासून आमचं वरतीच शिजेल."

इश्तियाकने मान वर केली नाही. तो नको म्हणाला असता तर कदाचित थांबलं असतं. पण त्याच्याही डोक्यात ते आठ हजार बसले होते.

दुसऱ्या दिवशी वरची शेगडी पेटली. नुसती दाखवायला मांडलेली पातेली कामाला लागली. कांदा परतल्याचा वास जिन्यावरून खाली यायचा आणि खुर्शीद बीबी नाकाला ओढणी लावून बसायची. परातीत पीठ आता निम्मंच भिजायचं. कौसरच्या हाताला सवय नव्हती, पहिले चार दिवस रोट्या उरल्या. म्हातारीला वाटायचं, राग दोन दिवसांत उतरेल, पोरगी चटणी मागायला खाली येईल. ती खाली यायची. सलाम करायची, तब्येत विचारायची, आणि बाहेरच्या दाराने बाजारात जायची. चटणी तिने मागितली नाही.

खुर्शीद बीबीने मनाला समजावलं की चोराच्या मनात चांदणं असतं, म्हणून नजर मिळवत नाही. पण गल्लीत ती याबद्दल एक अक्षर बोलली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "दुसऱ्या मीटरसाठी दाखवावं लागतं ना, म्हणून वर शिजवतात." आम्हीही हो म्हणायचो. आमच्याही घरी दोन मीटर होते.

जुलैच्या वीस तारखेला रीडर आला. ती सकाळपासून दारात स्टूल टाकून बसली होती. त्याने फोन वर धरून मीटरचा फोटो काढला.

"पुत्तर," ती म्हणाली, "मागच्या महिन्यात वीस तारखेला आलास तेव्हा खालच्या मीटरला काय आकडा होता, आठवतं?"

"वीसला कुठला आलो, अम्मा? ईदच्या सुट्ट्या, मग काम तुंबलेलं. तुमच्या गल्लीत यायला चोवीस उजाडली."

"चोवीस?"

"बिलावर लिहिलेलं असतं की. हे बघा, कोपऱ्यात."

तिने बिल आणलं. कोपऱ्यात, शाईच्या डागाखाली, बारीक आकडे होते. दोन आणि चार. पन्नास वर्षं आकडे वाचणाऱ्या बाईने हे दोन वाचले नव्हते, कारण ते पैशाच्या रकान्यात नव्हते. चार दिवस. चार सक चोवीस. फ्रिजचे वाचले ते ईदच्या इस्त्रीत, पाहुण्यांच्या पंख्यांत गेले, वर आणखी चार. अठ्ठावीस. तो हिशोब करायला तिला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

"मग मी वीस तारखेला आत होते," ती म्हणाली.

"आत होता. अर्ज द्या दफ्तरात. दिवस जास्त धरले असतील तर कापतात."

"तू तेव्हाच सांगायचंस ना."

"मी दारावर थाप मारली होती, अम्मा. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दिवसाला चारशे घरं आहेत मला."

मला विचाराल तर मला त्या रीडरपेक्षा म्हातारीचाच राग येतो आणि तिचीच कीव येते. जन्मभर जिने सरकारवर संशय घेतला, तिने सरकारने खरोखर चूक केली त्या एका महिन्यात सरकार सोडून सुनेला धरलं. अकरा वर्षं रीडर वेळेवर आला म्हणून तिने त्याला खरं मानलं. सून चार वर्षं पाय चेपत होती, तिला मात्र नाही.

ती दफ्तरात तीन वेळा गेली. पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते, दुसऱ्यांदा संगणक बंद होता. तिसऱ्यांदा ती खिडकीशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी इथेच नमाज पढेन आणि इथेच झोपेन, इथे वीज तरी फुकट आहे." कारकुनाने वैतागून अर्ज घेतला, दिवस मोजले, एकतीस दिवसांचे युनिट धरले आणि नवं बिल छापून त्यावर शिक्का मारला. एकशे चौऱ्याऐंशी. तीन हजारांच्या आत. खालचं घर पुन्हा गरीब झालं. इश्तियाकने आईचे हात डोळ्यांना लावले आणि कौसरने गोड शेवया केल्या.

खुर्शीद बीबीने शेवयांची वाटी बाजूला ठेवली. बिलाची घडी मुठीत धरली आणि बाहेर पडून जिन्याच्या नव्या दाराशी गेली. पूर्वी ती खालूनच हाक मारायची, "शाझिया, तेल आण गं." आज तिने कडी वाजवली.

शाझियाने दार उघडलं. "या, अम्मा. बसा." खाटेवरची चादर तिने झटकली, मशीन थांबवली, पंखा म्हातारीकडे वळवला. खुर्शीद बीबीने बिल पुढे केलं. "चोवीस तारीख होती, पुत्तर," ती म्हणाली. "रीडर उशिरा आला. तू खरं बोलली होतीस. मी म्हातारी झाले, माझं चुकलं. चल खाली, परात तुझी वाट बघतेय."

शाझियाने बिल वाचलं, घडी करून परत दिलं. "चुकतं माणसाचं, अम्मा. मनात काही नाही माझ्या," असं म्हणून ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

ती बाहेर आली ती ट्रे घेऊन. ट्रेवर जाळीचा रुमाल होता. लग्नात माहेरहून आलेले निळ्या फुलांचे कप होते, बशीत चार बिस्किटं, साखर वेगळ्या वाटीत. खुर्शीद बीबी किती साखर घेते हे त्या मुलीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

"किती घालू?" शाझियाने विचारलं.

खुर्शीद बीबीने कपाकडे बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडे. तिथे राग नव्हता, टोमणा नव्हता. परक्या बाईशी बोलताना असते तशी अदब होती.

"दीड," ती म्हणाली. तिने चहा पूर्ण प्यायला, एक बिस्किट खाल्लं, आणि निघताना शाझिया तिला दारापर्यंत सोडायला आली.